आजारी ज्येष्ठांना डोंगरावर नेताना: नाशिकमधून पहिल्या सहलीची आखणी

माझी आत्या नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झाली, तेव्हा निरोपसमारंभासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या सहकाऱ्यांना तिने सांगितले होते की साडी नको, शाल नको, डोंगरात चालतील असे बूट द्या. ते बूट घालून पुढच्या सात वर्षांत तिने साल्हेर आणि रतनगड पाहिले आणि कळसूबाई दोनदा केले. सदुसष्टाव्या वर्षी तिला तिसऱ्या टप्प्यातला अंडाशयाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. पहिल्या केमोनंतरच्या तपासणीत तिने डॉक्टरांना विचारले, "अंजनेरी कधी चढता येईल?" आम्ही घरच्यांनी तिला तिथेच गप्प केले. डॉक्टरांनी मात्र तो प्रश्न तिच्या फाइलवर लिहून घेतला, आणि पुढे आमचे घर जे काही शिकले, त्याची सुरुवात त्या एका नोंदीने झाली.

ज्या घरात कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेले कोणी मोठे माणूस अजूनही डोंगर, जंगल किंवा दूरच्या प्रवासाची भाषा बोलते आहे आणि घरच्यांना त्यावर काय उत्तर द्यावे हे कळत नाही, अशा घरासाठी हा लेख आहे. मी डॉक्टर नाही. तीन वर्षे एका रुग्णासोबत चालताना जे समजले, ते क्रमाने मांडत आहे. प्रत्येक पायरीवर शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा आणि त्याआधी तुमच्या रुग्णाचा असावा.

पहिली पायरी: नेमकी इच्छा काय आहे, हे विचारून घेणे

ही पायरी सोपी वाटते, म्हणून बहुतेक घरे ती गाळतात. रुग्ण "हरिहरला जायचे आहे" असे म्हणतो आणि घरचे लगेच "त्यापेक्षा सोमेश्वरला जाऊन येऊ" असा पर्याय पुढे करतात. असा पर्याय ऐकला की माणूस गप्प होतो, आणि पुढच्या वेळी इच्छा बोलूनही दाखवत नाही. त्याऐवजी तिथे नेमके काय हवे आहे, असे विचारावे. कोणाला माथ्यावर पोहोचायचे असते, कोणाला उघड्यावर एक रात्र काढायची असते, तर कोणाला तरुणपणी राहून गेलेली एखादी वाट एकदा पाहायची असते. आत्याला अंजनेरीचा माथा नको होता. तिला पठारावरच्या तळ्याच्या काठी बसायचे होते. हे कळायला आम्हांला दोन महिने लागले, आणि कळताच निम्मी चढाई आपोआप कमी झाली.

याच बोलण्यात एक अवघड विषयही काढावा. प्रवासात प्रकृती अचानक बिघडली तर कोणते उपचार हवे आहेत आणि कोणते नकोत, हे रुग्णाच्या तोंडून ऐकून लिहून ठेवावे. उपचारांविषयीच्या अशा आगाऊ इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. आमच्या घरी हा विषय आत्यानेच काढला, आणि कागद झाल्यावर सर्वांत मोकळी तीच झाली.

दुसरी पायरी: आजाराचे वेळापत्रक समजून घेणे

सहलीची तारीख रविवार पाहून ठरवू नये. ती आजाराचे चक्र पाहून ठरवावी. ही गोष्ट आम्ही चूक करून शिकलो.

आत्याची केमो दर तीन आठवड्यांनी असे. केमोनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत ती विलक्षण उत्साहात असायची, कपाटे आवरायची, "आज चला" म्हणून मागे लागायची. हा उत्साह उसना असतो, कारण उलटी आणि ॲलर्जी टाळण्यासाठी केमोसोबत जे स्टेरॉइड देतात, त्याचा तो परिणाम असतो. तो ओसरला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग गळून जाते. त्यानंतर, औषधांनुसार फरक पडत असला तरी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान, रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. रुग्णालयात ज्याला नुसते "काउंट पडले" म्हणतात, तो हा काळ. नेमके या काळात माणसाला बरे वाटू लागलेले असते, त्यामुळे घरचे फसतात.

आम्हीही फसलो. नवव्या दिवशी रविवार होता, सगळे मोकळे होते, म्हणून तिला गाडीने त्र्यंबकला नेले. गर्दीत एक तास गेला, येताना रस्त्याकडेला उसाचा रस झाला, आणि रात्री अकरा वाजता तिला १०१ ताप भरला. तापावर घरातली पॅरासिटामॉलची गोळी द्यावी, असे मीच म्हटले आणि दिली. ती देणेही चूक होते, कारण त्या गोळीने ताप उतरलेला दिसतो आणि आतला संसर्ग वाढत राहतो. केमो चालू असलेल्या माणसाला १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आला, तर तो तातडीचा प्रसंग समजून, गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करून, थेट रुग्णालय गाठायचे असते. तिला चार दिवस शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली. त्या सहलीतला आनंद एका तासाचा होता आणि त्याची किंमत तिने मोजली, आम्ही नाही.

त्यानंतर आम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर केमोच्या दिवसापासून एक ते एकवीस आकडे लिहू लागलो. सतरा ते वीस या दिवसांभोवती हिरवी चौकट असे. पुढच्या केमोआधी रक्ततपासणी होतेच. ती एक-दोन दिवस अलीकडे घेता येईल का, असे विचारून आम्ही अहवाल हातात आल्यावरच गाडी काढायचो.

डायलिसिसच्या रुग्णांचे चक्र वेगळे असते. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी साधारण चार तास, असा बहुतेकांचा क्रम असतो, आणि डायलिसिसच्या दिवशी थकवा अधिक असतो. म्हणून दुसऱ्या दिवशीची सकाळ निवडावी, आणि दोन सत्रांमधले मोठे अंतर सहलीसाठी आणखी लांबवण्याचा मोह टाळावा. मुक्कामाचा प्रवास असेल तर तिथल्या केंद्रात आधीच जागा ठरवावी लागते. त्यासाठी हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांचे ताजे अहवाल आणि मागच्या काही सत्रांच्या नोंदी मागतात. हृदयविकाराच्या किंवा नुकतीच अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाला असे आवर्तन नसते. तिथे घटना होऊन किती आठवडे झाले आणि ताणचाचणीत काय दिसले, यावर सगळे अवलंबून असते.

तिसरी पायरी: डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारणे

"डॉक्टर, ट्रेकला जाऊ का?" असे विचारले तर "नको" हेच उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते. बाहेर पन्नास रुग्ण बसलेले असताना एवढ्या मोघम प्रश्नाची जबाबदारी कोणी का घ्यावी? तपशील दिला तर उत्तरही तपशिलात मिळते. आम्ही एका कागदावर लिहून नेले होते: सकाळी सात ते अकरा, पायऱ्यांची वाट, दर दहा मिनिटांनी विश्रांती, सोबत तीन माणसे, गाडीपासून कमाल दीड तासाचे अंतर, जवळचे सरकारी रुग्णालय त्र्यंबकला. डॉक्टरांनी तो कागद वाचला, दीड तासाच्या जागी एक तास केला आणि खाली सही केली.

त्या भेटीत तीन आकडे समजून घ्यावेत. हिमोग्लोबिन कमी असेल तर चढावर धाप लवकर लागते. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर घसरून पडणे साधे राहत नाही. आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कमी असतील तर गर्दी टाळावी लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याला मार लागल्यास जखम दिसत नसली तरी रुग्णालयात जावे लागेल, हे गृहीत धरावे. कर्करोग हाडांपर्यंत गेलेला असेल किंवा हाडे ठिसूळ झालेली असतील, तर जीपचे धक्के, घोड्यावरची सफर आणि पॅराग्लायडिंगचे उतरणे या तिन्हींविषयी स्वतंत्रपणे विचारावे. अनेकदा चालणे चालते आणि जीपची बैठक चालत नाही.

चौथी पायरी: पायांची आणि दमाची परीक्षा

डॉक्टर सहा मिनिटांच्या चालण्याची एक चाचणी घेतात. सपाट जागेवर सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो आणि त्याची नाडी व प्राणवायूची पातळी किती बदलते, हे त्यात पाहतात. ती करून घ्यावी. त्यानंतर आपली परीक्षा सुरू करावी. आम्ही कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सुरुवात केली. चालताना अखंड वाक्य बोलता येते का, ही आमची कसोटी होती. आत्या वाक्याच्या मध्ये श्वासासाठी थांबली की आम्ही थांबायचो. पंधरवड्याने पांडवलेणीच्या पायऱ्या घेतल्या. नाशिककरांना ही टेकडी सकाळच्या फेरफटक्याची वाटते. पण पायऱ्या सलग आहेत, बसायला जागा आहे, महामार्ग पायथ्याशी आहे आणि वर २४ लेणी पाहण्याचे निमित्त आहे, म्हणून पहिल्या चढासाठी याहून चांगली जागा शहरात नाही.

तिथेच एक गोष्ट लक्षात आली, जी मला कोणी आधी सांगितली असती तर बरे झाले असते. घरी येऊन तिने बूट काढले, तर डाव्या मोज्याची टाच रक्ताने ओली होती. बुटात हरभऱ्याएवढा खडा होता आणि त्या खड्यावर ती दोन तास चालली होती. तिला काहीच जाणवले नव्हते. पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोच्या औषधांनी हातापायांच्या टोकांच्या नसा बधिर होतात, आणि जुन्या मधुमेहातही हेच होते. जिने बत्तीस वर्षे नोटांचा कागद बोटांनी ओळखला, तिला तेव्हा ब्लाउजचे हूक बोटांनी सापडत नव्हते. पण पायांचेही तसेच झाले असेल, हे आमच्या डोक्यात आले नाही.

अशा माणसाने बूट घालण्याआधी ते उलटे करून झाडावेत आणि आत हात फिरवून पाहावा, आणि हे काम बोटे शाबूत असलेल्या दुसऱ्या माणसाने करावे. मोजे पांढरे घ्यावेत, म्हणजे रक्त लगेच दिसते. प्रत्येक मोठ्या विश्रांतीला एक बूट काढून पाऊल पाहावे. बधिर पायाला उताराचा अंदाज येत नाही, त्यामुळे दोन्ही हातांत काठ्या असाव्यात आणि उतरताना कोणीतरी एक पाऊल पुढे, खालच्या बाजूला चालावे. जुने आवडते बूट घालण्याचा हट्ट असेल, तर पायाला सूज आहे का, हे पाहूनच तो पुरवावा. आत्याचे ते निरोपाचे बूट एक माप लहान होऊ लागले होते. नवे घेताना ती दुकानात फार वेळ गप्प बसून होती.

पाचवी पायरी: परतीच्या वाटेवरून ठिकाण निवडणे

धडधाकट माणूस कुठे पोहोचायचे हे आधी ठरवतो. आजारी माणसासोबत जाताना परत कसे यायचे, हे आधी ठरवावे लागते. प्रत्येक ठिकाणाबाबत मी एकच गोष्ट पाहते: वाटेतल्या सर्वांत वाईट जागी पाय मुरगळला, तर तिथून गाडीपर्यंत येण्यास किती वेळ लागेल आणि किती माणसे लागतील? या कसोटीवर नाशिकच्या आसपासची ठिकाणे लावून पाहिली की त्यांचा क्रम आपोआप लागतो.

हरिहर पहिल्यांदाच बाद होतो. कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्यांवर एका वेळी एकच माणूस नीट चढू शकतो, चढणारे आणि उतरणारे एकमेकांची वाट अडवतात, आणि मध्येच गळून गेलेल्या माणसाला खाली आणण्याची सोपी रीत नाही. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. लोखंडी शिड्यांपेक्षाही दिवसभराची एकूण चाल तिथे अडचणीची ठरते. साल्हेर १,५६७ मीटरवर आहे आणि शहरापासून लांब आहे. या तिघांचे पायथे मात्र बाद होत नाहीत. बारी गावातून कळसूबाईची पूर्ण रांग डोळ्यांसमोर असते, आणि संध्याकाळी तिथे बसून डोंगर पाहणे ज्याला आवडत नाही, तो माणूस मुळात डोंगराचा नाही, असे माझे मत आहे.

सप्तशृंगगडावर नांदुरीहून वरच्या गावापर्यंत गाडी जाते आणि तिथून मंदिरापर्यंत २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. दमछाक न होता उंचीचा अनुभव हवा असेल, तर सुरुवात इथून करावी. नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेत मात्र जाऊ नये. त्र्यंबक आणि ब्रह्मगिरीच्या बाबतीत २०२७ च्या सिंहस्थाचा विचार आताच करावा. त्या काळात रस्ते आणि गर्दी यांचा कोणताही अंदाज आजारी माणसाच्या भरवशाचा राहणार नाही.

निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये जाहीर झाले. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी येतात, वाट सपाट असते आणि बसून पाहण्यासारखे पुष्कळ असते. ऑक्सिजन लावलेल्या माणसालाही ही सहल जमू शकते. निफाडची थंडी मात्र हलकी समजू नये, पहाटेचा पारा तिथे फार खाली जातो. ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचे औषध चालू असलेल्या रुग्णाच्या बोटांना थंड वस्तूच्या नुसत्या स्पर्शाने झिणझिण्या येतात आणि थंड हवेने घसा आवळल्यासारखा होतो. अशा रुग्णाने दुर्बिणीची थंडगार नळी उघड्या हातांनी धरू नये, तोंडावर मफलर घ्यावा आणि ऊन चढल्यावरच निघावे.

उघड्यावरची रात्र हवी असेल तर भंडारदरा योग्य ठरते. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला तिथे काजवे दिसतात. तंबूत झोपण्याचा हट्ट धरणाऱ्या मोठ्या माणसासाठी तंबूत खाट घालून देता येईल का आणि रात्री उठावे लागल्यास शौचालय किती पावलांवर आहे, हे दोन प्रश्न मुक्कामाची जागा ठरवण्याआधी विचारावेत. जमिनीवरून उठणे ही अनेक रुग्णांची सर्वांत अवघड चढाई असते.

अंजनेरी या सगळ्यांच्या मधोमध बसते. गावातून गाडी बरीच वर जाते. पुढे खिंडीतल्या पायऱ्या, त्यांच्याजवळचे जैन लेणे, मग पठार, अंजनीमातेचे मंदिर आणि पलीकडे तळे असा क्रम आहे. या डोंगरावरून ज्या वनस्पतीला नाव मिळाले, ती सेरोपेजिया अंजनेरिका पावसाळ्यात फुलते, आणि आत्याला खरे तर ती पाहायची होती. पण ओल्या पायऱ्या आणि बधिर पाय यांचा मेळ बसणार नाही, हे तिने स्वतःच ठरवले आणि जानेवारी निवडला.

सहावी पायरी: पिशवी भरणे

औषधांची पिशवी दोन ठिकाणी विभागावी, एक रुग्णाजवळ आणि एक सोबत्याजवळ. अंजनेरीवर माकडे आहेत आणि प्लास्टिकची पिशवी दिसली की ती झडप घालतात. म्हणून औषधे बंद सॅकमध्ये, आतल्या कप्प्यात असावीत. तापमापक, रक्तदाबाचे यंत्र आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सोबत घ्यावा. बोट गार असेल किंवा नखाला रंग लावलेला असेल तर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो, त्यामुळे बोट चोळून, गरम करून मगच वाचन घ्यावे. इन्शुलिन बर्फाला थेट लागू देऊ नये, गोठलेले इन्शुलिन निरुपयोगी होते. गाडीच्या बंद डिकीतही ते ठेवू नये.

छातीत केमोपोर्ट, म्हणजे केमो देण्यासाठी त्वचेखाली ठेवलेली छोटी डबी, बसवलेला असेल तर सॅकचा पट्टा नेमका त्यावर घासतो, आणि गाडीतला सीटबेल्टही. आत्यासाठी आम्ही जुन्या मऊ लुगड्याची चौघडी करून पट्ट्याखाली घालायचो. डायलिसिसच्या रुग्णाच्या फिस्चुला (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेल्या हातावर सॅक अडकवू नये, घट्ट बांगडी किंवा घड्याळ घालू नये आणि त्या हातावर रक्तदाब मोजू नये. चढताना त्या हाताला धरून ओढू नये, हे सोबत आलेल्या प्रत्येक भाच्याला आणि नातवाला आधी सांगून ठेवावे.

एका कागदावर आजाराचे नाव, शेवटच्या उपचाराची तारीख, सर्व औषधे, ॲलर्जी, रक्तगट आणि डॉक्टरांचा दूरध्वनी लिहून तो रुग्णाच्या खिशात ठेवावा. वर मोबाइलला रेंज मिळेल असे धरून चालू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि सर्वसाधारण मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. पण रेंज कोणत्या वळणावर येते, हे आधी एकट्याने जाऊन पाहून आलेला माणूस बरोबर असणे अधिक उपयोगाचे असते. आमच्याकडे ते काम मी केले, आणि प्रत्येक वळणावर बसायला दगड आहे का, हेही लिहून आणले.

सातवी पायरी: खाण्यापिण्याचा बंदोबस्त

पांढऱ्या पेशी कमी असण्याच्या काळात कापून ठेवलेली फळे, उसाचा रस, बर्फ आणि पाणीपुरी वर्ज्य समजावी. पण प्रवासात काहीच चमचमीत खायचे नाही म्हटले, तर नाशिकच्या माणसाला सहल झाल्यासारखे वाटत नाही. डॉक्टरांना विचारून आम्ही मार्ग काढला. मिसळीची उकळती तर्री चालेल, पण वरचा कच्चा कांदा आणि कोथिंबीर नको, आणि पाव तव्यावर गरम करून हवा. तोंडात फोड असतील तेव्हा तिखट तर्री अर्थातच बाद. द्राक्षांच्या हंगामात बागेच्या दारातून घेतलेला घड धुतल्याशिवाय तोंडात टाकू नये. केळे मात्र सोलून लगेच खाता येते.

वाटेत भेटणारी माणसे प्रेमाने नारळपाणी पुढे करतात. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसासाठी ते धोक्याचे असते, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि ते वाढले तर हृदयाची लय बिघडू शकते. क्षारांच्या तयार पुड्यांबाबतही तेच. मधुमेही माणसाच्या खिशात ग्लुकोज किंवा साखर हवी. त्यांपैकी काहींना हृदयासाठी बीटा ब्लॉकर ही गोळी चालू असते. त्यांना साखर उतरल्यावर होणारी धडधड जाणवत नाही, म्हणून दर तासाला विचारून आणि यंत्राने मोजूनच खात्री करावी.

आठवी पायरी: प्रत्यक्ष दिवस

निघण्यापूर्वी वळण्याची वेळ ठरवावी आणि ती सर्वांसमोर बोलून दाखवावी. आमची वेळ साडेनऊ होती. तोवर कुठेही असलो तरी तिथून परत फिरायचे. ही वेळ रुग्णानेच ठरवावी, म्हणजे ती पाळताना त्याला दुसऱ्या कोणी अडवल्यासारखे वाटत नाही. चालण्याचा वेगही त्याचाच असावा, म्हणून रुग्ण सर्वांत पुढे आणि बाकीचे मागे. तरुण मंडळी पुढे गेली की मागच्या माणसाला आपण ओझे झालो आहोत असे वाटते आणि तो झेपणार नाही इतक्या वेगाने चालू लागतो.

पुढील लक्षणे दिसली तर घड्याळ न पाहता वळावे: छातीत दाब किंवा दुखणे, थांबूनही पाच-दहा मिनिटांत न उतरणारी धाप, चक्कर, थंडी वाजून येणे, बोलण्यात अडखळणे, एका पोटरीला अचानक आलेली सूज. यातल्या शेवटच्या लक्षणाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. कर्करोगात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, आणि पोटरीतली गुठळी फुप्फुसात गेली तर जीव धोक्यात येतो.

त्या जानेवारीत आम्ही सात वाजता चढू लागलो. नऊ वाजून दहा मिनिटांनी पठारावर पोहोचलो, मंदिर दिसत होते आणि तळे त्याच्या पलीकडे होते. आत्या एका दगडावर बसली, बूट काढून तिने पाऊल माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "बघ गं नीट, खडा नाही ना?" मी पाहिले. खडा नव्हता, पण करंगळीच्या कडेला त्वचा लाल झाली होती. चिकटपट्टी लावली. तळ्यापर्यंत जाऊन यायला वेळ पुरणार नव्हता. तिने घड्याळ पाहिले, वाऱ्याकडे तोंड करून वीस मिनिटे तशीच बसली आणि साडेनऊला स्वतःच उठली. उतरताना मी पुढे होते. प्रत्येक पायरीला तिचा हात माझ्या खांद्यावर पडत होता, आणि तिचे वजन किती कमी झाले आहे, हे मला त्या हातावरून कळत होते.

तळे तिने पुढच्या महिन्यात पाहिले. तेव्हा आम्ही साडेसहाला चढायला लागलो होतो.

नववी पायरी: लांबचा प्रवास, पण क्रमाने

दोन-तीन छोट्या सहली नीट पार पडल्याशिवाय हिमालयाचा विषय काढू नये. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, तर लेह ३,५०० मीटरवर. विमानाने थेट लेहला उतरणे धडधाकट माणसालाही जड जाते. हिमोग्लोबिन कमी असलेल्या किंवा फुप्फुसे कमकुवत असलेल्या माणसाने तर हृदयरोग आणि फुप्फुसरोग या दोन्ही तज्ज्ञांच्या स्पष्ट संमतीशिवाय तसे करू नये. खुद्द विमानातही हवेचा दाब सुमारे २,४०० मीटर उंचीवर असतो तितका कमी होऊ शकतो, हे पुष्कळांना माहीत नसते. ऑक्सिजन लागणाऱ्या प्रवाशाला स्वतःचा सिलिंडर साधारणपणे नेता येत नाही. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरसाठी विमान कंपनीला आधी कळवावे लागते आणि डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय अर्ज द्यावा लागतो. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागावी. औषधे हातातल्या सामानातच ठेवावीत आणि मॉर्फिनसारखे वेदनाशामक असेल तर मूळ चिठ्ठी सोबत असावी. दर तास-दोन तासांनी पाय मोकळे करावेत.

विमा घेताना आजार लपवू नये. लपवलेल्या आजारावरचा दावा नाकारला जातो, आणि ते परगावी, रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभे असताना कळते.

दहावी पायरी: घरी परतल्यावर

पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा. पहिल्या संध्याकाळी कोमट पाण्याने पाय धुऊन, चांगल्या उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. थकवा दुसऱ्या दिवशी अधिक जाणवतो, म्हणून त्या दिवशी पाहुणे आणि तपासण्या ठेवू नयेत. एका वहीत किती मिनिटे चाललो, कुठे धाप लागली, काय खाल्ले, कोणती गोळी चुकली आणि रुग्णाला काय आवडले, हे लिहावे. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला ती वही न्यावी.

आमच्या वहीत अंजनेरीच्या पहिल्या फेरीखाली आत्याच्या हातची नोंद आहे. बोटे बधिर असल्यामुळे अक्षर वेडेवाकडे आले आहे: "पठारावर वारा छान. उजव्या काठीचे रबर झिजले, बदलणे. तळे राहिले. पुढची तारीख केमोनंतर अठरावा दिवस."